मुलं मोठी होण्याची वाट बघणं

विश्वामित्री:

थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी दिवाळीनंतर दोन पूर्ण करेल. भेटेल तो मला सांगतो, "हेच दिवस सोन्याचे, एकदा मोठी झाली की हाती लागायची नाहीत." सासूबाई सांगतात, समोरच्या फ्लॅटमधल्या बेन सांगतात, दवाखान्यात शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा सांगते. त्यांचं काही खोटं नाही. धाकटी दुपारी झोपेतून उठून डोळे न उघडता गळ्यात पडते, तेव्हा मलाही वाटतं की हे कधी संपू नये.

पण त्याच वेळी मी दोघांच्या मोठं होण्याची वाटही बघते. अगदी मनापासून. हे बोलून दाखवलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, जणू मला पोरांचा कंटाळाच आलाय. म्हणून हा धागा काढते आहे.

सलग झोप, गरम गरम जेवण, दार लावून अंघोळ, हे सगळं हवंच आहे, पण ते बाजूला ठेवू. मला या दोघांची ओळख करून घ्यायची आहे. आत्ता कुठे ती सुरू झालीय. थोरला सगळ्या गाड्या एका रांगेत लावतो, लाल रंगाची नेहमी शेवटी. कुणी रडायला लागलं की आधी लांब जाऊन बघतो, मग हळूच येतो आणि हातातली गाडी त्याच्यापुढे धरतो. हा मुलगा पंधराव्या वर्षी कसा असेल? कशाने चिडेल? कुठलं पुस्तक उशाशी ठेवून झोपेल? माझं कोणतं मत त्याला अजिबात पटणार नाही? विचार करत बसले की अर्धा तास कुठे जातो कळत नाही.

इथे बडोद्यात कमाटीबागेतल्या संग्रहालयात आम्ही वरचेवर जातो. १८९४ साली बांधलेली इमारत, आत देवमाशाचा प्रचंड सांगाडा. थोरला त्याच्यासमोर मान मागे टाकून उभा राहतो आणि दर वेळी काहीतरी नवंच विचारतो. "याची जीभ कुठे गेली?" "याला भूक लागली की हा कुणाला सांगायचा?" मागच्या वेळी विचारलं, "याची आई कुठे ठेवलीय?" इजिप्तची ममी बघायला मात्र माझा हात घट्ट धरूनच जातो. पाट्या मी वाचते, तो ऐकतो. काही वर्षांनी तो पाट्या वाचेल, धाकटीला समजावून सांगेल, आणि मी मागे उभी राहून ऐकेन. त्या दिवसाची मी वाट बघते.

पावागड चढायचाय दोघांबरोबर, कडेवर कुणी नसताना. उत्तरायणाला (संक्रांतीच्या पतंगांना) धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, माझी फिरकी धाकटीने धरावी असं वाटतं. गरब्याच्या रिंगणात दोघं माझ्या पुढे असावीत. घरात मी काही बोलले तर "आई, तसं नसतं" म्हणून कुणीतरी मला नीट खोडून काढावं. 

तुम्ही कशाची वाट बघताय? आणि ज्यांची मुलं मोठी झालीत त्यांनी जरूर लिहा. वाट बघितलेलं जे आलं, ते तसंच आलं का?


पतंगवाला_बाबा:

उत्तरायणाचं नाव काढलंत, आता मी लिहिणारच.

मला दोन मुली, आठ आणि अकरा. आमच्या धाब्यावर एक ठरलेली चढण आहे. तीन-चार वर्षांचं पोर फिरकी धरतं, म्हणजे कुणीतरी मागून धरलेली असते आणि त्याचे हात नुसते दांड्यांवर असतात. पाच-सहाव्या वर्षी फिरकी एकट्याची होते. ढील द्यायची म्हटलं की सैल सोडायची, गुंडाळ म्हटलं की गुंडाळायची, आणि मांज्यात गुंता होऊ द्यायचा नाही. सातव्या-आठव्या वर्षी छूट द्यायला पाठवतात, पतंग दोन्ही हातांत उंच धरून धाब्याच्या त्या टोकाला. मग किन्ना, म्हणजे पतंगाची कणी, बांधायला शिकणं. वरचं आणि खालचं अंतर जमलं नाही तर पतंग एका बाजूला गोता खातो, हे सांगून कळत नाही, दहा पतंग बिघडवूनच कळतं. पेच लढवणं सगळ्यात शेवटी.

गेल्या उत्तरायणाला थोरलीने पहिला पतंग कापला. पूर्ण धाब्याने "काय पो छे" केलं. ती मात्र ओरडली नाही. दोर हातात तसाच धरून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, त्याने ढील उशिरा दिली, म्हणून कापला गेला." तिला कारण कळलं होतं. मला जे शिकवायचं होतं ते पोचलं होतं. अकरा वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते बहुतेक हेच.

लहान मुलांच्या आईबाबांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. बोटांना चिकटपट्टी गुंडाळल्याशिवाय मांज्याला हात लावू देऊ नका. आणि नायलॉनचा मांजा घरात येऊ देऊ नका, बंदी आहे तरी कुठे ना कुठे मिळतोच. जानेवारीत पोराला पुढे उभं करून स्कूटर चालवत असाल तर पुढे ती वाकवलेली तार बसवून घ्याच, गळ्याशी येणारा दोर अडतो. चार वर्षांखालचं मूल असेल तर हेल्मेट आणि पट्टा कायद्यानेच लागतो, वेगही ताशी ४० च्या वर नको.


सांजवात:

धागा वाचून बरं वाटलं, तरी थोडं वेगळं बोलते. राग मानू नये.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. आमच्या सोसायटीत तीन वर्षांच्या मुलांना फोनिक्सला (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारांच्या क्लासला) घालतात, साडेतीनला अबॅकस. पार्कात आयांचं बोलणं ऐका: "तुझा अजून डायपरमध्ये?" "आमची तर शंभरपर्यंत म्हणते." हे सगळं सुरू होतं ते वाट बघण्यातूनच. आधी वाट बघतो, मग बाजूच्याचं आधी आलेलं दिसतं, मग पोराला ढकलायला लागतो. मी हे जवळून पाहिलंय. एका मैत्रिणीच्या मुलीने पाचव्या वर्षी पेन्सिल बघितली की पोटात दुखतं म्हणून सांगायला सुरुवात केली होती.

दुसरं म्हणजे संक्रांतीचं बोरन्हाण. आमच्याकडे पाच वर्षांपर्यंत करायचे. हलव्याचा मुकुट, हलव्याचा बाजूबंद, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, आणि खाली वेचायला सगळ्या बिल्डिंगची पोरं. पाचव्या वर्षीचं झालं आणि पुढच्या संक्रांतीला मी सवयीने हलवा करायला बसले, तर तो म्हणाला, "मी आता वेचणाऱ्यांत." तो खुशीत होता, धाब्यावर पळायची घाई होती. मला मात्र त्या संक्रांतीला घर फार मोठं वाटलं. तुम्हाला असं काही होणार नाही असं नाही, एवढंच म्हणते.


विश्वामित्री:

सांजवात ताई, राग कसला. तुम्ही म्हणता ते मीही बघते. आमच्याकडे प्लेग्रुपच्या मुलांना घरचा अभ्यास आला तेव्हा मी बाईंना भेटून तो बंद करायला सांगितला.

पण वाट बघणं आणि घाई करणं यांत मला खूप अंतर दिसतं. घाई करणाऱ्याला काय यायला हवं ते आधीच ठरवलेलं असतं. मला काय येणार आहे तेच माहीत नाही, ते बघायची हौस आहे. थोरला पाट्या आठव्या वर्षी वाचेल की सहाव्या, त्याने मला काही फरक पडत नाही. कदाचित त्याला पाट्यांत रसच नसेल, तो सांगाड्याची चित्रं काढत बसेल. तेही बघायचंय.

धाकटीचं बोरन्हाण या संक्रांतीला आहे. तुमचं वाचून ठरवलं, हलवा विकतचा आणणार नाही, घरीच काटा आणायचा.


रावपुरा_आजी:

मुलींनो, तुमचं सगळं वाचलं. मी इथे फारसं लिहीत नाही, पण सांजवातने वाचनाच्या घाईचं काढलं म्हणून लिहिते.

ज्या गावात आपण राहतो ते ज्याने उभं केलं, त्या राजाला बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं, सयाजीराव नाव ठेवलं आणि मग पाटी-पेन्सिल हातात आली. सहा वर्षांत, १८८१ मध्ये, कारभार हाती घेतला. त्याच माणसाने १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून बघितलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून गावोगाव वाचनालयांची साखळी उभारायला घेतली. तेव्हा ज्या पोराला पाचव्या वर्षी वाचता येत नाही त्याच्या आईने रात्री जागू नये.

मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मी माझ्या मुलाला नेत असे. तिथल्या मजल्यांची जमीन काचेची आहे, जाड, दुधी काचेची, म्हणजे उजेड खालपर्यंत जातो. हा पालथा पडून काचेला नाक लावायचा आणि खालच्या मजल्यावरून जाणाऱ्यांच्या सावल्या मोजायचा. पुस्तकाला महिनोन्‌महिने हात लावला नाही. मी बसून माझं वाचत असे. एके दिवशी आपणहून येऊन मांडीवर पुस्तक ठेवलं, "हे घेऊ या."

विश्वामित्री, तू विचारलंस वाट बघितलेलं तसंच आलं का. बरंचसं आलं, पण एक गोष्ट मी धरलेल्या वेळेच्या फार पुढे आली. मला वाटायचं मुलगा वीस-बाविशीचा झाला की आमची मैत्री होईल. झाली नाही. तेव्हा त्याला घरात थांबायचंच नसे. मग नोकरी, मग लग्न. त्याची पस्तिशी उलटली, त्याचे वडील गेले, आणि नंतरच्या पावसाळ्यात तो रोज संध्याकाळी चहाला येऊन बसायला लागला. पहिले काही दिवस नुसता बसायचा. मग ऑफिसचं बोलायला लागला, मग वडिलांचं, मग स्वतःच्या भीतीचं. माझ्याशी मतभेद आहेत, राजकारणावर तर आम्ही कडाडून भांडतो. पण या मुलाशी बोलताना मला जो आनंद होतो, तो तो मांडीवर होता तेव्हाही नव्हता, हे मी अगदी खरं सांगते. तेव्हा वाट बघ, बाळ. फक्त वाट लांबची आहे एवढं धरून चाल.


कमाटीबाग:

आजी, तुमचं वाचून मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. 

मी मुलगी मराठी वाचायला लागण्याची वाट बघतो आहे. सहा वर्षांची आहे. घरात मराठी, खाली खेळताना गुजराती, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. "बाबा, मने भूक लागली, काहीतरी दे ना प्लीज" असं एका वाक्यात सगळं येतं. डॉक्टरांनी आणि शाळेतल्या बाईंनीही सांगितलं की अनेक भाषांत वाढणारी मुलं अशी सरमिसळ करतातच, हळूहळू वेगळं करतात, त्यामुळे ती काळजी नाही.

पण आमच्याकडे एक ट्रंक आहे. पणजोबांच्या काळची पत्रं, आजीच्या पाककृतींच्या वह्या, १९३४ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनातून आणलेली कात्रणं. मी ती वाचतो, माझ्यानंतर कोण? तिने पहिली अक्षरं गुजराती गिरवली. मग मी एक दिवस पाटीवर ग, म, न, प लिहिलं, आणि वर आडवी रेघ मारली. ती म्हणाली, "याच्या डोक्यावर छप्पर घातलंस." बरीच अक्षरं दोन्हीकडे सारखीच असल्याने तिला छप्पर घातलं की वाचता येऊ लागलं. क, ज, अ अशी थोडी वेगळी आहेत, तिथे अडते. रोज रात्री आजीच्या वहीतला एक शब्द ती वाचते. काल वाचला "कोथिंबीर". पूर्ण जोडाक्षरं येईपर्यंत अजून वर्ष-दीड वर्ष जाईल. पणजोबांचं अक्षर मोडीकडे झुकणारं आहे, ते बहुतेक दहावीनंतरच. मी थांबायला तयार आहे.


गाडीवाल्याची_आई:

दोनदा लिहून पुसलं. आज लिहूनच टाकते.

माझा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याची वाढ वेगळ्या वाटेने चालली आहे. बोलणं उशिरा आलं, अजूनही दोन-तीन शब्दांपलीकडे फारसं जात नाही. अशा धाग्यांवर मी सहसा थांबत नाही, कारण "पाचव्या वर्षी हे, आठव्या वर्षी ते" वाचलं की घशात अडकतं. इथे आजींचं वाचून थांबले.

त्याला रेल्वे आवडते. आवडते म्हणजे त्याचं सगळं जगच ते. आम्ही विश्वामित्री स्टेशनजवळ राहतो. एकदा रात्री झोपताना अंधारात त्याचा आवाज आला: "वडोदरा, विश्वामित्री, मकरपुरा, वरणामा, इटोला, काशीपुरा सरार, मियागाम करजण." एकही चुकलं नाही. ज्या मुलाने मला तोवर सलग चार शब्द बोलून दाखवले नव्हते, त्याने सात स्टेशनं ओळीने म्हटली. मी उठून दिवा लावला नाही, तो थांबेल या भीतीने. त्याने परत पहिल्यापासून म्हटलं.

तेव्हापासून आम्ही अधूनमधून करजणपर्यंत मेमू लोकलने जातो आणि परत येतो. पाच पूर्ण झाल्यापासून त्याचं अर्धं तिकीट निघतं. ते तिकीट तो स्वतःच्या मुठीत धरतो, घरी येईपर्यंत सोडत नाही, घामाने ओलं होतं. पूर्वी गर्दीचा आवाज वाढला की कान झाकून खाली बसायचा. आता माझ्या ओढणीचं टोक धरून उभा राहतो.

मी पंधराव्या वर्षाची वाट बघत नाही, तो विचार माझ्यासाठी चांगला नाही. मी वाट बघते त्याने खिडकीशी जाऊन, आत बसलेल्या माणसाकडे बघून "करजण, दोन" म्हणण्याची. घरी रोज सराव होतो. मी स्टुलावर बसून तिकीटवाली होते. घरात तो स्पष्ट म्हणतो. स्टेशनवर अजून नाही. येईल. थेरपीच्या ताई म्हणतात येईल आणि मलाही तसंच वाटतं.

विश्वामित्री, तुमच्या मुलाने लाल गाडी शेवटी लावण्याचं लिहिलंत ते वाचून हसू आलं. आमच्याकडे निळा डबा शेवटी.


विश्वामित्री:

गाडीवाल्याची आई, तुम्ही पुसलं नाहीत याबद्दल किती बरं वाटतंय ते लिहिता येत नाही. तुमची वाट माझ्या वाटेपेक्षा जास्त स्वच्छ आहे. मी पाट्या, पावागड, वादविवाद असं सगळं एकदम मागत बसले होते. "करजण, दोन" हे मला आज दिवसभर ऐकू येत राहिलं.


पतंगवाला_बाबा:

+१. ताई, त्याने तिकीट काढलं की इथे कळवा. आमचा सगळा धाबा ओरडेल.


माळवा_मावशी:

इंदूरहून लिहितेय, माहेर बडोद्याचं, म्हणून घुसते.

माझी मुलगी सोळाची. विश्वामित्रीने विचारलंय ना, वाट बघितलेलं आलं का. माझ्या यादीत होतं रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत मुलीबरोबर फिरणं. लहान होती तेव्हा दुकानं सजायच्या आधीच तिला झोप यायची, मी तिला खांद्यावर घेऊन परत यायची. आता ती मला नेते, कुठे कोणत्या गाडीवर थांबायचं ते तीच ठरवते. भुट्ट्याचा कीस दोघींत एक, पण वाटीतला शेवटचा चमचा कोणाचा यावर वाद. हे आलं, आणि मनात होतं त्याहून छान आलं.

दार बंद करून बसणं मात्र यादीत नव्हतं. तेही आलं. पहिलं वर्ष मला फार लागलं. आता मी दारावर टकटक करते, ती "थांब" म्हणाली तर थांबते, आणि बहुतेक वेळा पंधरा मिनिटांनी ती स्वतःच येऊन ओट्यावर चढून बसते. तेव्हा मी भाजी चिरणं थांबवत नाही. थांबवलं, तोंडाकडे बघितलं, की बोलणं आटपतं. ज्यांची मुलं त्या वयाच्या जवळ आलीत त्यांनी हे करून बघा.


मांजलपूर_२४:

मी या धाग्याच्या प्रश्नाला उलट बाजूने उत्तर देते. मी कशाचीच वाट बघत नव्हते. नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, नवरा बाहेरगावी. मुलगी तेरा वर्षांची झाली हेसुद्धा मला तिच्या वाढदिवसाच्या केकवर आकडा बघून जाणवलं असं म्हणता येईल.

मग २०२४ च्या ऑगस्टमधला पूर आला. बडोद्यात होते त्यांना सांगायला नको. विश्वामित्री नदी पात्राबाहेर आली, आमच्या सोसायटीत पार्किंग आधी भरलं, मग तळमजला. वीज गेली. आम्ही पहिल्या मजल्यावर. मी सासऱ्यांची ऑक्सिजनची मशीन, बॅटरी, फोन यांत गुंतले होते. तळमजल्यावरच्या कुटुंबाला वर घ्यायचं होतं, त्यांच्याकडे चार महिन्यांचं बाळ. मुलगी जिन्यात उभी राहून सामान हातोहात वर देत होती, हे मला दिसत होतं. मला दिसलं नाही ते पुढचं. तिने स्वतःची वही फाडून मजल्यामजल्याची यादी केली: कुणाकडे पिण्याचं पाणी किती, कुणाकडे गॅसची शेगडी, कुणाकडे दुधाची भुकटी, कुणाचं औषध संपत आलंय. रात्री टॉर्च लावून ती यादी घेऊन ती गच्चीपर्यंत फिरत होती. बाळाचं दूध तिसऱ्या मजल्यावरच्या भुकटीवर निघालं. सासऱ्यांच्या बॅटरीला चार्ज मिळाला तो पाचव्या मजल्यावरच्या इन्व्हर्टरवरून, तोही तिच्या यादीतूनच सापडला.

पाणी उतरल्यावर जिन्यात चिखल, सगळीकडे वास, आणि ती पायरीवर बसून झोपलेली. कोणत्याही परीक्षेत, कोणत्याही स्पर्धेत मला ती अशी दिसली नव्हती. मी तिला शिकवलं नव्हतं हे. कुठून आलं, मला अजून माहीत नाही. म्हणून सांगते, वाट बघा, पण तुमच्या यादीबाहेरही बघत राहा. आता मी बघते. तिच्याशी रोज अर्धा तास बसते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.


सांजवात:

मांजलपूर ताई, डोळे भरले. त्या पुरात आमच्याकडेही पाणी होतं, आमच्या मुलाने तेव्हा शेजारच्या आजोबांच्या पोपटाचा पिंजरा दोन दिवस सांभाळला. मी त्याला "पसारा करू नकोस" म्हणत होते आणि तो पोपटाला मिरची शोधत होता. तुमचं वाचून आज मला ते वेगळं दिसतंय.

विश्वामित्री, माझ्या आधीच्या म्हणण्यातलं एक वाक्य बदलते. वाट बघण्यातून ढकलणं सुरू होतं असं मी म्हटलं होतं. ढकलणं सुरू होतं ते बाजूच्याकडे बघण्यातून. आपल्याच पोराकडे बघत असलो तर होत नसावं.


कमाटीबाग:

पावागडचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि बहुतेक लोक चांपानेरला न थांबता थेट माचीला जातात. मुलं असतील तर उलट करा. खाली चांपानेरच्या जामा मशिदीत आणि तटबंदीपाशी सकाळ घालवा, पोरांना पळायला मोकळी जागा मिळते. माचीपर्यंत गाडी जाते, पुढे उडनखटोला, म्हणजे रोपवे आहे. पाच-सहा वर्षांचं मूल माचीपासून पायऱ्या चढू शकतं, पण थांबत थांबत, आणि उन्हाळ्यात अजिबात नको. पावसाळा संपता संपता डोंगर हिरवा असतो, तेव्हा न्या. नवरात्रात आणि चैत्रात गर्दी एवढी असते की लहान मुलांना घेऊन न गेलेलं बरं. आम्ही जाताना उडनखटोल्याने गेलो आणि उतरताना चालत, मुलीला तेच सोपं पडलं. वरच्या मंदिरापर्यंत पोचायला शेवटी पायऱ्या आहेतच.


विश्वामित्री:

दादा, हे फार उपयोगी. थोरला पुढच्या वर्षी पाचचा पार होईल, पावसानंतर ठरवते. धाकटी खाली चांपानेरला सासूबाईंबरोबर पळेल.

रावपुऱ्याच्या आजी, सेंट्रल लायब्ररीत दोघांना घेऊन परवा गेले. धाकटीने काचेच्या जमिनीवर पाय ठेवायला नकार दिला, थोरला पालथा पडला. 

गाडीवाल्याची आई, एक विचारायचं होतं. आमचा थोरला तुमच्याबद्दल ऐकून सारखा "त्या दादाची गाडी" म्हणतोय. तुम्हाला आणि त्याला चालणार असेल, फार माणसं नको असतील तर अगदी स्पष्ट सांगा, पण एखाद्या रविवारी आम्ही दोघं करजणला तुमच्याबरोबर आलो तर? तो शांत मुलगा आहे. बहुतेक लाल गाडी घेऊन येईल.


गाडीवाल्याची_आई:

या ना. आधी मी त्याला तुमचा आणि थोरल्याचा फोटो दाखवून ठेवेन, म्हणजे अनोळखी वाटणार नाही. फोटो निरोपातून पाठवा. सकाळची मेमू घेऊ, तेव्हा डबा रिकामा असतो. डाव्या बाजूची खिडकी त्याची, ती कुणालाच मिळत नाही, हे तुमच्या मुलाला आधी सांगून ठेवा. तिकिटं काढायला विश्वामित्रीच्या खिडकीवर थोडं आधी जाऊ. त्या दिवशी त्याला "करजण, चार" म्हणायचं आहे, उद्यापासून घरी तोच सराव.